होमारे सावा : ‘माझ्या पाठीकडे बघा’

मैदानवेडी

मराठीत पाठ दाखवणे म्हणजे रण सोडून पळणे. त्यामुळे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधला हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो उलटाच वाटला. कांस्यपदकाची मॅच, समोर जर्मनी, आणि जपानच्या महिला फुटबॉल संघातल्या होमारे सावाने आपल्या पोरींना सांगितलं की अगदीच सहन होईनासं झालं तर माझ्या पाठीकडे बघा. म्हणजे मी तुमच्या पुढे पळत असेन, ती पाठ दिसत राहील तोवर थांबू नका. जपान ती मॅच ०-२ हरला, पदक गेलं. ते वाक्य मात्र तिच्या बरोबरच्या मुलींनी जपून ठेवलं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल शिकवावा लागत नाही, तो पेठेतच असतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की बाबा दुकान लवकर बंद करायचे आणि मला गॅलरीत शेजारी बसवायचे. सगळं कळायचं, ऑफसाइडसुद्धा. शाळेत मी फुटबॉल मागितला तेव्हा ‘मुलींनी थ्रोबॉल खेळायचा’ असं सांगून तो परत कपाटात ठेवला गेला, आणि मीही निमूट थ्रोबॉल घेतला. २०११ च्या जुलैमध्ये इंटरनेटवर जपानने अमेरिकेला हरवलेल्या महिला वर्ल्डकप फायनलची दृश्यं पाहिली तेव्हा मी पंचवीस ओलांडलेली होते. त्या रात्री ते कपाट आठवून झोप आली नाही.

तेव्हापासून सावाबद्दल मिळेल ते वाचते आहे. मराठीत तिच्यावर फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

जन्म ६ सप्टेंबर १९७८, टोकियोजवळच्या फुचूमध्ये. मोठा भाऊ खेळायचा, त्याच्या मागे मागे ही मैदानावर गेली. बाराव्या वर्षी योमिउरी बेलेझा या क्लबात, पंधराव्या वर्षी देशाच्या संघात. डिसेंबर १९९३ मध्ये मलेशियात कुचिंगला आशियाई स्पर्धा होती. फिलिपिन्सविरुद्ध पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना आणि चार गोल! १९९५ मध्ये स्वीडनला पहिला वर्ल्डकप, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिक. तिथे जपान तिन्ही सामने हरला.

मग वाईट दिवस आले. जपानमधले महिलांचे क्लब कंपन्यांच्या पैशावर चालायचे. मंदी आली तशा एकेक कंपन्या हात काढून घ्यायला लागल्या, निक्को सिक्युरिटीज आणि फुजिता यांचे संघ १९९८ मध्ये बंद झाले. जपान सिडनी ऑलिंपिकलाही पात्र ठरला नाही. विशीतल्या मुलीने अशा वेळी काय करावं? सावा १९९९ मध्ये अमेरिकेला गेली, आधी डेन्व्हर आणि मग अटलांटा.

पुढचं एकटीने लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला.

घाटावरचा

मस्त सुरुवात ताई. जपानी फुटबॉल म्हटलं की आम्ही नाकाता आणि नाकामुरापाशीच थांबतो. सावाचं नाव फक्त २०११ मुळे माहीत होतं. ती २०५ सामने खेळली असं कुठेतरी वाचलं. हे खरं आहे का? पुरुषांमध्येही हा आकडा मोठा आहे.

धावफलक

खरं आहे. १९९३ ते २०१५ या काळात २०५ सामने, ८३ गोल. जपानच्या पुरुषांत सर्वाधिक सामने यासुहितो एन्दोचे, १५२. पुरुषांत सर्वाधिक गोल कुनिशिगे कामामोतोचे, ७५. म्हणजे दोन्ही रकान्यांत ती पुढे आहे.

तिचे सहा वर्ल्डकप : १९९५, १९९९, २००३, २००७, २०११, २०१५. सहा वर्ल्डकप खेळणाऱ्या पहिल्या दोघी म्हणजे सावा आणि ब्राझीलची फोर्मिगा. ऑलिंपिक चार : १९९६, २००४, २००८, २०१२.

अटलांटाकर

मैदानवेडी, तुमचा धागा वाचून मी एकदम २००१ मध्ये गेलो. जॉर्जिया टेकमध्ये शिकत होतो. आमच्याच आवारातल्या बॉबी डॉड स्टेडियमवर ‘अटलांटा बीट’ खेळायचा. महिलांची व्यावसायिक लीग तिथे त्याच वर्षी सुरू झाली होती. तिकीट परवडायचं, म्हणून आम्ही तीन-चार देशी मुलं जायचो.

बीटमध्ये चीनची सुन वेन होती, ती तेव्हाची जगातली मोठी खेळाडू. आम्ही तिला बघायला गेलो आणि येताना बोलत होतो ते सावाबद्दल. समोरच्या अमेरिकन मुलींपेक्षा अंगाने कितीतरी लहान. धक्का लागून पडायची आणि पडल्या पडल्या उठून बॉलकडे धावायची. हे एकदा-दोनदा नाही, मॅचभर. पहिल्याच हंगामात बीट फायनलला पोचला आणि पेनल्टीवर हरला.

२००३ च्या सप्टेंबरात, वर्ल्डकप चार-पाच दिवसांवर आलेला असताना, पैसे संपले म्हणून ती लीगच बंद पडली. म्हणजे बघा, जपानमध्ये क्लब बुडाले म्हणून ही मुलगी जिथे आली, तिथेही पायाखालची जमीन गेली. ती जपानला परतली, जुन्या बेलेझात. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत नवी लीग निघाली तेव्हा पुन्हा आली, वॉशिंग्टन फ्रीडमकडे. तिथे अमेरिकेची ॲबी वॉम्बॅक तिच्याच संघात होती. २०११ च्या वर्ल्डकपला फ्रँकफर्टच्या फायनलमध्ये समोर उभी असलेली तीच वॉम्बॅक.

कोबेकर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोबेला आहे. सावा शेवटची पाच वर्षं आमच्या आयनॅक कोबे क्लबात होती, त्यामुळे मला थोडं लांबलचक लिहू द्या.

आधी नाव. ‘होमारे’ दोन अक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ धान्याची लोंबी, दुसऱ्याचा आशा. मी कोकणातला, भातशेतीतला. जपानी शिकताना ते अक्षर ओळखीचं झालं आणि तेव्हापासून हे नाव मला परकं वाटत नाही.

१८ जुलै २०११. इथे पहाटे पावणेचारला फायनल सुरू झाली. त्या दिवशी समुद्रदिनाची सुट्टी होती, त्यामुळे रात्रभर जागलेले लोक बरेच. आमच्या इमारतीत एरवी दहानंतर चप्पलचा आवाजही येत नाही. वॉम्बॅकने १०४ व्या मिनिटाला अमेरिकेला २-१ पुढे नेलं तेव्हा शेजारून एक मोठा सुस्कारा भिंतीपलीकडून ऐकू आला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर. आया मियामाने जवळच्या खांबाकडे वेगात, खाली बॉल मारला. सावा सगळ्यांच्या पुढून आत घुसली आणि हवेतच उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तिने बॉल वळवला. त्या क्षणी तिची पाठ जवळजवळ गोलकडे होती. मग शेजारून जो आवाज आला तो सुस्कारा नव्हता.

पेनल्टीत आमची गोलकीपर कायहोरीने दोन अडवल्या, अमेरिकेची एक वरून गेली. शेवटची साकी कुमागाईने मारली, वीस वर्षांची पोर. ३-१. मी बाल्कनीत आलो तेव्हा उजाडलं होतं. समोरच्या बाल्कनीतले आजोबा, ज्यांच्याशी वर्षभरात ‘सुप्रभात’च्या पलीकडे एक शब्द झाला नव्हता, ते माझ्याकडे बघून वाकले. मीही वाकलो.

त्यानंतर आठवड्याच्या आत, २४ जुलैला, आयनॅकची इथे लीग मॅच होती. एरवी अशा मॅचला ओळखीपाळखीचेच लोक असायचे. त्या दिवशी सतरा हजारांवर माणूस होता. मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक बाई तीन मुलींना घेऊन आल्या होत्या, तिघींच्या पाठीवर खडूने लिहिल्यासारखा सावाचा १० आकडा, घरी शिवलेला.

डावा_विंगर

सगळे छान लिहीत आहेत, पण माझा एक मुद्दा आहे आणि तो मी आग्रहाने मांडणार.

२०११ चं नाव निघालं की लगेच त्सुनामी येते. ११ मार्चला भूकंप झाला, चार महिन्यांनी मुली जिंकल्या, देशाला धीर आला. हे सगळं खरं. प्रशिक्षक नोरियो सासाकींनी मॅचआधी उद्ध्वस्त गावांची छायाचित्रं दाखवली होती हेही खरं. पण दुःखातून ताकद येते म्हणून कुणी वर्ल्डकप जिंकत नाही. तसं असतं तर कितीतरी देश जिंकले असते. त्या मुली जिंकल्या कारण त्या चांगला फुटबॉल खेळल्या, आणि त्यातला कळीचा निर्णय तीन वर्षं आधीचा होता.

सावा जन्मभर पुढे खेळलेली, गोल करणारी मिडफिल्डर. सासाकी २००८ च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी तिला मागे ओढलं, बचावफळीच्या पुढ्यात. जपानमध्ये या जागेला ‘बोरान्ची’ म्हणतात, हा ब्राझीलकडून आलेला शब्द. तेव्हा ती तिशीला टेकलेली. गोल करणारीला मागे नेलं तर कुणीही बोंब मारेल. पण समोरची टीम पास कुठे देणार हे आधी वाचणं हे तिचं खरं बलस्थान, आणि त्या जागेवरून अख्खं मैदान तिच्यासमोर आलं. त्याच वर्षी जपानने पूर्व आशियाची स्पर्धा पहिल्यांदा जिंकली आणि ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला.

आता २०११ बघा. मेक्सिकोविरुद्ध ४-० मध्ये हिचे तीन. सेमीफायनलला स्वीडनविरुद्ध एक. फायनलला एक. स्पर्धेत सर्वाधिक गोल हिचे, पाच, आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताबही हिलाच. बचावफळीच्या पुढे उभ्या राहणाऱ्या, ३२ वर्षांच्या बाईने गोल्डन बूट नेला! दुसरं उदाहरण सांगा. मी शोधतो आहे, मला सापडलेलं नाही.

नवशिकी

एक प्रश्न विचारू का? बोरान्ची म्हणजे नेमकं काम काय? मी फक्त वर्ल्डकपच्या वेळी फुटबॉल बघते.

डावा_विंगर

जरूर विचारा. घरात पाहुणे आल्यावर एक बाई स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधे उभी असते. आत काय संपलंय, बाहेर काय हवंय, दोन्ही तिला ठाऊक. तिचा हात थांबला की दोन्हीकडचं थांबतं. बोरान्ची तशी. समोरच्यांचा हल्ला तिथेच तोडायचा आणि बॉल हातात आल्यासारखा पायात आला की आपला हल्ला तिथूनच सुरू करायचा. सावाच्या शेजारी मिझुहो साकागुची असायची. ती जागा धरून ठेवायची, म्हणून सावा वेळ साधून पुढे घुसायची. गोल तिथून आले.

मैदानवेडी

डावा_विंगर, जागा बदलण्याचं इतकं नीट मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण त्सुनामीच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार.

तुम्ही म्हणता तसं ते बाहेरून चिकटवलेलं दुःख असतं तर मी मान्य केलं असतं. ते त्या संघाच्या घरातलंच होतं. फुकुशिमात ‘मरीझे’ नावाचा महिलांचा क्लब होता, मालक तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर. तोच तो अणुवीज प्रकल्प असलेली कंपनी. क्लबातल्या मुली दिवसा कंपनीत नोकरी करायच्या आणि नंतर सराव. क्वार्टर फायनलला यजमान जर्मनीविरुद्ध १०८ व्या मिनिटाला गोल केला तो कारिना मारुयामाने. सावाने मधून उचलून दिलेल्या पासवर, तिरक्या कोनातून. ही मारुयामा पूर्वी मरीझेची, फुकुशिमाच्या प्रकल्पात नोकरी केलेली. आया सामेशिमा तर मार्चमध्ये मरीझेचीच खेळाडू होती, आपत्तीनंतर क्लबच थांबला आणि ती अमेरिकेत गेली. त्यांचं सरावाचं मैदान, जे-व्हिलेज, अणुदुर्घटनेशी झुंजणाऱ्या लोकांचा तळ झालं.

आपलं मैदान असं गेलेलं असताना जी मुलगी वर्ल्डकपमध्ये डाव्या बगलेवर पळते, तिच्या पळण्यातून ते वेगळं कसं काढायचं? मला नाही जमत.

डावा_विंगर

मारुयामा आणि सामेशिमाचं पटलं. मी बोलत होतो ते जिंकण्याच्या कारणाबद्दल, तुम्ही बोलताय ते त्या मुलींबद्दल. माझं वाक्य थोडं बदलतो : त्सुनामीच्या गोष्टीत फुटबॉल हरवू नये.

निवांत

धागा सुरेख चाललाय. मला दोन गोष्टी टोचतात, त्या इथे लिहिते.

पहिली. ऑगस्ट २०११ मध्ये या संघाला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सन्मान मिळाला. जपानमध्ये हा मान संपूर्ण संघाला पहिल्यांदाच दिला गेला. आणि सोबत भेट काय, तर मेकअपच्या ब्रशांचा संच! जगज्जेत्या खेळाडूंना!

दुसरी. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकला जाताना पुरुषांचा संघ बिझनेस क्लासमध्ये आणि त्याच विमानात जगज्जेत्या मुली मागच्या स्वस्त वर्गात. सावा तेव्हा बोलली होती, की खरं तर उलट असायला हवं होतं, वयानेही आम्हीच मोठ्या आहोत. त्या मुलींनी लंडनला रौप्य आणलं. वेम्ब्लीवर ऐंशी हजार लोकांसमोर अमेरिकेकडून १-२ हरल्या. परतीच्या प्रवासात त्यांना बिझनेस क्लास मिळाला.

कोबेकर

निवांत, विमानाच्या बाबतीत एक अक्षरही तुमच्याविरुद्ध नाही.

ब्रशबद्दल मात्र थोडं सांगतो. ते कुमानोचे ब्रश होते. कुमानो हे हिरोशिमाजवळचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या लेखणीचे कुंचले बनवणारं. एकेक केस हाताने निवडतात. इथे ती मानाची भेट आहे, आपल्याकडे एखाद्याला पैठणी द्यावी तशी. तरीही पुरुषांच्या संघाला ती दिली असती का, हा तुमचा प्रश्न उरतोच आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

बालेवाडीची

+१ निवांत.

यात पुण्याचा एक धागा गुंफते. २०२२ च्या जानेवारीत महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि आमच्या बालेवाडीत झाला. जपानने इथे म्यानमारला ५-० हरवलं, आणि ३ फेब्रुवारीला सेमीफायनलला चीनकडून पेनल्टीवर हरला. संघाची कर्णधार साकी कुमागाई. म्हणजे फ्रँकफर्टला शेवटची पेनल्टी मारणारी ती वीस वर्षांची पोर, आता तिशीची. कोविडमुळे स्टेडियम बंद. माझ्या गच्चीवरून त्या रात्री दिवे दिसत होते, आवाज मात्र नाही. मी टीव्हीसमोर बसून पाहिलं. घरापासून चालत वीस मिनिटांवर ती खेळत होती आणि मला जाता आलं नाही, याची हळहळ अजून आहे. आपल्या मुलींना तर संघात कोविड शिरल्यामुळे स्पर्धाच सोडावी लागली.

फातोर्डा_पूर्व

बालेवाडीची, आम्हाला गोव्यात थोडं नशीब लाभलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप, आणि जपानचा गट मडगावला. फातोर्ड्याला मी तिन्ही मॅच बघितल्या. टांझानिया ४-०, कॅनडा ४-०, फ्रान्स २-०. एकही गोल खाल्ला नाही. क्वार्टर फायनललाही आलो, स्पेनने २-१ ने काढलं. माझ्या शेजारी दोन काका आयुष्यभर साळगावकर-धेंपोच्या मॅच बघत आलेले. जपानच्या पोरींचे छोटे छोटे पास बघून ते बोलायचेच थांबले. गोंयकार फुटबॉल बघताना गप्प बसतो म्हणजे काय, ते इथल्यांना कळेल.

धावफलक

जानेवारी २०१२ चं राहून गेलं. झुरिकला फिफाच्या समारंभात २०११ ची जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून सावाचं नाव. त्याआधी सलग पाच वर्षं तो पुरस्कार ब्राझीलच्या मार्ताकडे होता. पुरुष-महिला धरून आशियातली ती पहिलीच. त्याच मंचावर मेस्सी सुटात, आणि सावा किमोनोत. सासाकी महिला संघांचे सर्वोत्तम प्रशिक्षक.

त्यानंतर दोनच महिन्यांनी तिला चक्करीचा आजार झाला, मैदानावर तोल सांभाळता येईना. कर्णधारपद मियामाकडे गेलं होतं. तरी ती ऑलिंपिकला उभी राहिली.

२०१५ च्या वर्ल्डकप फायनलला व्हँकुव्हरमध्ये पुन्हा अमेरिका. सोळा मिनिटांत ०-४. ३३ व्या मिनिटाला, १-४ असताना, सावाला आत पाठवलं. ३६ वर्षांची. जपानचा दुसरा गोल अमेरिकन खेळाडूच्या डोक्याला लागून आत गेला, त्या उडीत तिच्याशी झुंजत होती ती सावाच. २-५. देशासाठी ती शेवटची मॅच.

कोबेकर

देशासाठीची. क्लबची शेवटची त्यानंतर होती, तीही सांगतो.

२०१५ च्या डिसेंबरात तिने निवृत्ती जाहीर केली. सम्राज्ञी चषक सुरू होता, म्हणजे हरलं की तिथेच संपलं. आयनॅक एकेक मॅच जिंकत गेला आणि २७ डिसेंबरला कावासाकीत फायनल, समोर अल्बिरेक्स नीगाता. मी पहाटेच्या शिनकानसेनने गेलो. वीस हजारांवर लोक. गारठा होता. पाऊण तास, तास, सव्वा तास, गोल नाही. ७८ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि गर्दीतून ती उठली. हेडर. १-०. तोच निकाल.

खेळ संपल्यावर तिच्या संघातल्या मुली रडत होत्या. नीगाताच्याही काही रडत होत्या, आणि त्या फक्त हरल्या म्हणून रडत नसाव्यात असं मला वाटलं.

नवशिकी

मी काल रात्री २०११ ची फायनल पूर्ण पाहिली, एकशेवीस मिनिटं आणि पेनल्टी. डावा_विंगर यांनी सांगितल्यामुळे बॉल सोडून दहा नंबरकडेच बघत होते. बॉल तिच्याकडे येण्याआधी ती मान वळवून मागे बघते, पुन्हा पुन्हा. स्वयंपाकघर आणि बैठक, अगदी तसंच! ११५ व्या मिनिटाला आईला उठवून आणलं. तिला निकाल सांगितला नाही.

मैदानवेडी ताई, आता यानंतर कुठली मॅच बघू?

मैदानवेडी

२४ एप्रिल २००४, टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम, उत्तर कोरियाविरुद्ध. अथेन्स ऑलिंपिकची पात्रता. उत्तर कोरियाकडून जपान वर्षानुवर्षं हरत आलेला. सावाच्या गुडघ्याला दुखापत होती, तरी उतरली. एकतीस हजार लोक. जपान ३-० जिंकला. त्या उन्हाळ्यात लोकांकडून नावं मागवून संघाला ‘नादेशिको’ म्हणायला लागले, ते एका गुलाबी रानफुलाचं नाव आहे.

पहिली काही मिनिटं नीट बघ. समोरच्या खेळाडूच्या पायातून सावा बॉल कसा काढून घेते ते बघ, आणि मग बाकीच्या दहाजणींकडे बघ.